जाळ्यावरचं डांबर

दर वर्षी मे सरता सरता वारा फिरला, की तारकर्लीच्या पुळणीवर डांबराचे गोळे येऊन पडतात. आमच्या माणसांच्या जाळ्यांना हे डांबर वर्षानुवर्षं लागतंय, त्याचं कुणाला काय! त्या वर्षी पर्यटकांच्या पांढऱ्या चपला काळ्या झाल्या, तेव्हा कुठे मत्स्य खात्याच्या साहेबांना समुद्र आठवला.

साहेब नमुना घ्यायला आले. एवढा लांब किनारा गोळ्यांनी भरलेला, पण तापल्या वाळूत उतरणार कोण? माझ्या थोरल्या भावाचं जाळं रस्त्याकडेला वाळत होतं, त्यावरचंच डांबर खरवडून बाटलीत भरलं आणि गाडीत बसले. अहवाल आला: गोळ्यात डिझेल आहे. म्हणजे मच्छीमारच समुद्रात डिझेल सांडतात! भावाला नोटीस आली, होडीचा परवाना का काढून घेऊ नये म्हणून. त्याचं घर त्या इंजिनाच्या होडीवरच चालतं.

कुठलं तेल कुठल्या खडकात तयार झालं ते ओळखणं, हा माझा धंदा. अहवालासोबतचा आलेख बघितला आणि कपाळावर हात मारला. अहो, जाळ्याला लागलेलं डांबर आमच्याकडे डिझेलच्या बोळ्यानेच पुसतात. शेंबडं पोरही सांगेल, पण विचारणार कसं, साहेब ना ते!

मग मी स्वतः लाटेच्या कडेचा गोळा उचलला आणि माझ्या प्रयोगशाळेत तपासला. डिझेल नावालाही नव्हतं. होते ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंचे अवशेष. कच्च्या तेलात ते टिकतात, डिझेल गाळताना मात्र मागेच राहतात. त्यांची ठेवण आखातातल्या चुनखडीत तयार झालेल्या तेलाशी जुळली. म्हणजे कुणीतरी भर समुद्रात कच्चं तेल नेणाऱ्या जहाजाच्या टाक्या धुतल्या होत्या. साहेबांच्या आलेखाच्या शेपटाला हेच अवशेष दिसत होते, पण शेपटापर्यंत बघायचे कष्ट कोण घेतो?

हे सगळं घेऊन मी कचेरीत गेले. साहेबांनी चहा मागवला, माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं, एकूण एक मुद्दा मान्य केला. मग विचारलं, जहाज कुठलं? मी म्हटलं, तेल आपला खडक सांगतं, जहाजाचं नाव नाही सांगत.

"मग मॅडम, कारवाई कुणावर दाखवू? वरून विचारणा आहे."

आणि चौकशी पुरी होईपर्यंत भावाचा परवाना स्थगित झाला. माझा संताप संताप झाला. एवढी शिकले, ती या माणसाच्या चहाचे आभार मानायला?

घरी येऊन भावाला सगळं सांगितलं. तो जाळं शिवत ऐकत होता. मग म्हणाला, "तुका खडक गावलो गो बाय, तेंका होडी गावली."

चौकशी अजून चालूच आहे. होडी पुळणीवर माडाच्या झापांखाली पडून आहे. यंदाही गोळे आले, अगदी तिच्या बुडाशी.