सातवं प्रकरण

मीनलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. ‘‘बाबा गेले. पहाटे, झोपेत,’’ ती म्हणाली. अशा वेळी बोलायचे शब्द ठरलेले असतात आणि ते मला येतात. सहा वर्षं मी इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचा संपादक आहे. पण तोंडातून भलतंच निघालं. ‘‘मंगळवारची ती मेल त्यांना वाचून दाखवली होतीस ना?’’

‘‘दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनीच वाचायला लावली. म्हणाले, अमेरिकेत राहून तुझं जर्मन पार बिघडलंय.’’

मी सीटला डोकं टेकलं आणि मला हायसं वाटलं... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. ते हायसं वाटणं अजून उतरलेलं नाही, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय अरविंदकाकांबद्दल लिहिणं खोटं होईल.

काका मूळचे साताऱ्याचे. शिकायला जर्मनीत गेले आणि तिथल्या एका लहान गावातल्या गिम्नाझिउममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, तीस वर्षं गणित शिकवत राहिले. काकू गेल्यावर मीनलने, त्यांच्या मुलीने, त्यांना इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आणलं. टाउनहाउसच्या वरच्या खोलीत टेबल, दिवा आणि कागदपत्रांची चार खोकी एवढाच त्यांचा संसार. शनिवारी सकाळी पार्कात आम्ही सात-आठ जण जमतो, तिथे ते पहिल्यांदा आले ते एक जाड वही घेऊन. जर्मन शाळेत प्रत्येक वर्गाची अशी वही असते. तासाला काय शिकवलं, कोण आलं नाही, का आलं नाही हे लिहून शिक्षकाने खाली सही करायची. काकांनी आमचीही वर्गवही सुरू केली. ‘विषय : गुडघे. गैरहजर : कुलकर्णी. कारण : सर्दी.’ कुलकर्णींनी सर्दीचं कारण स्वतः कळवलं होतं. पुढच्या आठवड्यात काकांनी त्यांच्यासमोरच ते खोडून ‘भारताची मॅच’ असं लिहिलं. कारण खरं असलं पाहिजे, एवढा एकच नियम होता.

काकांच्या जर्मनीतल्या शाळेचा मोठा वर्धापनदिन जवळ येत होता आणि इतिहास लिहायचं काम काकांकडे आलं होतं. ते हाताने जर्मनमध्ये लिहीत, मला मराठीत सांगत, आणि मी कागद स्कॅन करून शाळेला पाठवत असे. मठाच्या भिंतीला टेकून सुरू झालेली लॅटिन पाठशाळा. मग कैसरच्या काळातली लाल विटांची इमारत, जिच्या कोनशिलेवर विद्यार्थ्यांपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त. मग मुलींना प्रवेश द्यावा की नाही यावर झालेल्या सभा. विरोध करणाऱ्यांच्या नाती पुढे तिथेच पहिल्या आल्या. काका हे सगळं चवीने सांगत. शाळेच्या आधीच्या स्मरणिकेत हिटलरच्या बारा वर्षांना एकच वाक्य होतं : कठीण काळाची झळ शाळेलाही लागली. ‘‘जसा काही पाऊसच कमी पडला,’’ काका म्हणाले.

त्या बारा वर्षांचं त्यांचं सातवं प्रकरण शाळेच्या तेव्हाच्या एका वर्गवहीवर उभं होतं. नववीच्या वर्गातली दोन ज्यू मुलं एके दिवशी यायची बंद झाली. वर्गशिक्षक रोज त्यांची नावं गैरहजरांत लिहीत राहिले. कारणाचा रकाना कोरा. असं पाच आठवडे. मग एका सकाळी पट्टी धरून दोन्ही नावांवर लाल रेघ मारलेली, आणि शेजारी मुख्याध्यापकांची आद्याक्षरं. याच मुख्याध्यापकांचं तैलचित्र शाळेच्या सभागृहात आहे. काका तरुणपणी त्यांच्या विधवेकडे भाड्याने राहिले होते, तिच्या हातचं सूप जेवले होते, तिने वाचायला दिलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर तीच आद्याक्षरं त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. ‘‘ती माउली माझे मोजे रफू करायची रे,’’ ते म्हणाले. मग कागद सारखे करत म्हणाले, ‘‘हे प्रकरण जसंच्या तसं छापून आलं पाहिजे. नाहीतर बाकीची नऊ जाळली तरी चालतील.’’

डॉक्टरांनी काकांना तेव्हा काही महिन्यांचीच मुदत दिली होती. आणि मी सातवं प्रकरण पाठवलंच नाही.

माझा हिशोब सरळ होता. तैलचित्रातल्या माणसाला नावं ठेवणारं पान पाहून शाळा सगळंच बाड परत करेल आणि काका छापलेला शब्द न पाहता जातील. शिवाय सवय. आमच्या स्मरणिकेत माझ्या काळातला प्रत्येक अध्यक्ष द्रष्टाच ठरलाय. त्यातले दोघे हिशोब न देता गेले, तेही द्रष्टेच. ते सगळे मजकूर मीच तपासलेत. मी नऊ प्रकरणं जोडली आणि सेंड केलं.

तीन आठवड्यांनी काकांनी मला बोलावलं. मीनलने शाळेची मेल मोठ्या अक्षरांत छापून दिली होती. सहावं मिळालं, आठवं मिळालं, सातवं कुठे आहे, असं तिथल्या इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं. आम्हाला मुख्यतः तेच हवं होतं. दहावीचा वर्ग त्याचीच वाट पाहतोय.

मी सगळं कबूल केलं. काका रागावतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत राहिले.

‘‘माझ्यासाठी केलंस?’’

‘‘हो, काका.’’

‘‘त्या मुख्याध्यापकानेही कुणासाठी तरीच केलं असेल. शाळेसाठी म्हणाला असेल.’’ मग चष्मा चढवून म्हणाले, ‘‘तुझ्या मंडळात चालतं ते सगळीकडे चालत नाही, संपादक. स्कॅनर चालू कर.’’

त्यांच्यासमोर बसून एकेक पान पाठवलं. नंतरचे सतरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ते खंगत होते, आणि उत्तराआधी ते गेले असते तर तो उशीर माझा होता. मंगळवारी उत्तर आलं. प्रकरण एकही शब्द न बदलता छापतोय. तैलचित्र तिथेच राहील. त्याच्या शेजारी वर्गवहीचं ते पान लावायचं ठरलंय. शुक्रवारी पहाटे काका गेले.

दिवस झाल्यावर मीनलने पार्कातली आमची वर्गवही माझ्याकडे दिली. पुढच्या शनिवारी पार्कात सगळे जमले, मी विषय लिहिला आणि गैरहजरांत काकांचं नाव घातलं. कारणाच्या रकान्यात हात सवयीने ‘देवाज्ञा’ लिहायला गेला. मी तो थांबवला आणि ‘वारले’ असं लिहून खाली सही केली.

त्यानंतर चार शनिवार झाले. त्यांचं नाव नेहमीच्या जागी येतं, पुढे तेच कारण. कुलकर्णी परवा विचारत होते, किती दिवस लिहिणार? मी वही त्यांच्यापुढे सरकवली, खोडायला पेनही दिलं. त्यांनी नावाकडे पाहिलं, वही मिटली आणि गुडघ्यांचा विषय काढला.