आबांचा युरिया

फैजपूरजवळच्या आमच्या मळ्यात केळीला काय द्यायचं, हे आबा तिच्या वयावरून ठरवतात. वाढत्या झाडाला युरिया. घड निसवून बाहेर आला, सगळ्या फण्या उघडल्या, की खालचं केळफूल मोडायचं आणि ठिबकमधून पोटॅश सोडायचं. त्यानंतर कुणी युरियाचं नाव काढलं, तर आबा खेकसतात, "म्हातारीले काय बाळगुटी पाजतं?"

गेल्या वर्षी आबांना मधुमेह निघाला. तरी चहा गोडमिट्टच लागायचा. डॉक्टरांचं ऐकेनात, माझं तर नाहीच.

एका सकाळी आई मोडून आणलेली केळफुलं भाजीसाठी सोलत होती. आबांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर?"

आईनं मान वर केली नाही. "तुमचा घड कधीचाच निसवला. आता युरिया बंद."

आबांनी कप पुन्हा तोंडाला लावला.