रांगेतली पहिली गाडी

"लांबनं बगा!"

गाडी थांबली की त्याच्या आधी त्याचं पिवळं फडकं बाहेर यायचं. मग तो उतरायचा, बॉनेटवरून फडकं फिरवायचा आणि कुणी दोन पावलं जवळ आलं की म्हणायचा, "लांबनं बगा. हात नगा लावू, पालिश जातंय."

असली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. जमीन विकली की ज्यांची मान आधी ताठ होते आणि अक्कल मागून येते, किंवा येतच नाही. मारुंजीच्या शाळेत तो आणि मी एका बाकावर बसलो. पुढे मी गॅरेज टाकलं. त्यानं वावर विकून बंगला बांधला, मागच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि कुठूनशी एक काळी, लांबलचक, जुनी मोटार आणली. आणली म्हणजे ट्रकवर घालून आणली. तिचं इंजिन मीच खोललं होतं, म्हणून मला माहीत.

महिन्याभरात ती 'आबांची गाडी' झाली. आबा म्हणजे त्याचे वडील. जांब्यापासून कासारसाईपर्यंत तीनचाकी टेम्पोतून दूध घालणारा माणूस. मोटारीत आबा बसले ते एकदाच, दवाखान्यात जाताना, तेही दुसऱ्याच्या. आणि तो टेम्पो? बंगल्याच्या फाटकाशी शोभत नाही म्हणून ह्या पठ्ठ्यानं आबांच्या वर्षश्राद्धाच्या आधीच भंगारात घातला.

हे सगळं क्लबसाठी. हिंजवडीच्या साहेब लोकांनी जुन्या गाड्यांचा क्लब काढला होता. रविवारी सकाळी कासारसाई धरणावर जमायचं, एकमेकांच्या गाड्यांना वा वा म्हणायचं आणि मिसळ खाऊन घरी जायचं. एखादी गाडी बंद पडली तर माणूस हवा, म्हणून मलाही न्यायचे. त्यांचा एक नियम होता. जी गाडी घरात वडिलांपासून आहे, ती रांगेत पहिली. साहेब म्हणायचे, "शेठ, तुमच्या वडिलांची आवड भारी होती." हा मान डोलवायचा. "व्हय, आबांनी लई जपली." एवढं बोलताना माझ्याकडे मात्र बघायचा नाही.

मी कधी तोंड उघडलं नाही. मजा वाटायची. आणि खरं सांगायचं तर त्या मोटारीचं काम माझ्याकडेच यायचं.

एका शनिवारी क्लब घाटापलीकडचं गाड्यांचं संग्रहालय बघायला निघाला. पुढे काळी मोटार, मागे नऊ गाड्या, शेवटी हत्यारांची पेटी घेऊन मी. ताम्हिणीत त्याची मोटार दोनदा तापली. मागची अख्खी वरात उन्हात उभी, पण दुसऱ्या कुणाला पुढे जाऊ देईल तर शपथ.

संग्रहालयात सगळे चकचकीत गाड्यांपुढे फोटो काढत होते. कोपऱ्यात दोरीपलीकडे एक तीनचाकी टेम्पो होता. भंगारवाल्याकडून कुणीतरी उचलून त्याला नवा निळा रंग दिला होता. मी सहज वाकलो तर पुढच्या मडगार्डवर वाकडा जोड दिसला. वेल्डिंग शिकताना मी मारलेला पहिला जोड. तेव्हा आबा हसून म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे रं, दुधाला काय कळतंय."

मान वर केली तर तो शेजारीच उभा होता. त्याचं फडकं दोरीपर्यंत गेलं होतं.

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष आले आणि त्यांनी मोठ्यानं पाटी वाचली. "दुधाचा टेम्पो. मूळ मालक अज्ञात." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा शेठ, तिकडे तुमच्या वडिलांची शान, आणि त्याच काळात कुणी बिचारा ह्या खटाऱ्यात फिरत होता!"

सगळे हसले. तोही हसला.

त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या हसण्याइतकी किळस मला त्याची कधीच आली नव्हती. बापाचं नाव तेवढं सांगायचं होतं. रांगेतल्या जागेसाठी त्यानं ते गिळलं. मीही गप्पच उभा होतो, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

परतताना काळी मोटार सगळ्यांच्या मागे होती, माझ्याही मागे. पुढच्या रविवारी तो धरणावर आला नाही, नंतरही कधी आला नाही. गॅरेजवरून खाली मान घालून जायचा. मी हाक मारली नाही. गेल्या वर्षी अचानक गेला. दहाव्याला क्लबच्या लोकांनी आबांची म्हणून त्या मोटारीलाही हार घातला. मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

परवा मी एकटाच घाट उतरून त्या टेम्पोपुढे जाऊन उभा राहिलो. पाटी तीच होती. तिथला राखणदार जवळ आला. "ह्याच टेम्पोसाठी एक काका दर महिन्याला यायचे," तो म्हणाला. "तिकीट काढायचे आणि थेट इथं. पिवळं फडकं असायचं हातात. एकदा पुसू दे म्हणायचे. पण आमचा नियम आहे ना. मी दर वेळी सांगायचो, काका, लांबून बघा."

"मग?"

"बघायचे. लांबून."

मग मी त्याला आबांचं नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. त्याच्याकडे कागद नव्हता. माझंच तिकीट उलटं करून त्यानं ते लिहून घेतलं.