कृष्णनगरची उलटी काच

मेट्रो गल्लीत माझं फिल्मचं आणि फोटोच्या कागदाचं दुकान होतं. समोरच्या जिन्याखाली शक्तिपद कर्मकारांचं कॅमेरा-दुरुस्तीचं टेबल. आमच्या धर्मतल्ला भागातल्या सगळ्या फोटोवाल्यांना शक्तिदा माहीत होते. हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. हात थरथरायला लागले तेव्हा मात्र जीभ तेवढी उरली.

दुखणं हळूहळू आलं. आधी चहाचा मातीचा पेला ओठापर्यंत जाईतो निम्मा सांडायचा, मग स्क्रू चिमट्यातून निसटायला लागले. त्या दिवसांत त्यांची बायको बीणापाणी दुपारचा डबा घेऊन यायची आणि तिथेच बसून राहायची. आम्ही सगळे तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचो. ती मूळची सोनाराघरची. बापाच्या पेढीवर फुंकणी फुंकत मोठी झालेली, त्यामुळे बारीक काम बोटांत होतंच. शक्तिदा सांगायचे, ती करायची. पण गिऱ्हाईक आलं की हातातला चिमटा खाली ठेवून डब्याचं झाकण पुसायला घ्यायची. बाईने उघडलेला कॅमेरा कोण नेणार?

हे झाकपाक फार दिवस चाललं नाही. एकदा एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घाईत आला आणि बौदीला कामात पकडलं. तो म्हणाला, "शक्तिदा, तुमचे हात इतके गोरे कधी झाले?" बौदी लाजली नाही. "हात कुणाचे का असेनात," ती म्हणाली, "शटर चालतंय का बघा." शटर चालत होतं. त्या दिवसापासून टेबलामागची खुर्ची तिची झाली आणि शक्तिदा बाजूच्या स्टुलावर गेले.

स्टुलावरून त्यांचा जाच सुरूच होता. "अगं, श्वास सोडतेस की भाता? काचेवर दव पडलं." "तो धुळीचा कण दिसतोय का तुला, की मासळीबाजारात ठेवलेत डोळे?" बौदी ऐकून घ्यायची. मला एकदा म्हणाली, "भावजी, या माणसाच्या हातून आजवर एकही काम चुकलं नाही म्हणे. अशा माणसाशी संसार करणं सोपं नसतं."

अशातच दुर्गापूजा संपल्यावर कृष्णनगरहून अनाथबंधू साहा आले. धोतर, खांद्यावर शाल, आणि हातात गमछ्यात गुंडाळलेली पितळेची जाडजूड लेन्स. स्टुडिओतल्या लाकडी पेटी-कॅमेऱ्यावरची. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी वापरलेली. साहांच्या स्टुडिओत काढलेला मुलीचा फोटो पाठवला की स्थळ होकार देतं, अशी त्या भागात ख्यातीच होती. चेहरा मऊसर पण स्पष्ट, आणि भोवती सगळं विरघळल्यासारखं, धुक्यातून माणूस पुढे आल्यासारखं.

"पडली," अनाथबंधू म्हणाले. "मागचा भाग निखळला, काचा सुट्या झाल्या. गावातल्या घड्याळवाल्याने बसवून दिल्या, पण आता चेहराच धूसर येतो. नवरी मुलगी आहे की तिची आजी, ते कळत नाही."

बौदीने लेन्स उघडली. पुढची काचांची जोडी मुळातच चिकटवलेली, ती शाबूत होती. मागे दोन सुट्या काचा होत्या आणि त्या एकमेकींना टेकल्या होत्या. उजेडात धरल्या तर पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसे रंगीत गोल मध्ये दिसत होते. दोघींच्या मध्ये पितळेचं बारीक कडं असायला हवं, ते पडताना कुठेतरी घरंगळून गेलं होतं.

"कडं मी करीन," ती म्हणाली. "पण घड्याळवाल्याने काच उलटसुलट केली असेल, तर तेही बघायला लागेल."

काचेची बाजू ओळखायची तिची पद्धत साधी होती. दिव्याखाली काच धरायची आणि आतली दिव्याची प्रतिबिंबं बघायची. काच जरा कलती केली की प्रतिबिंब कुठल्या बाजूला सरकतं, त्यावरून फुगीर कुठे आणि खोलगट कुठे ते समजायचं. तशाच जातीची दुसरी एक मोडकी लेन्स शक्तिदांच्या सुट्या भागांच्या डब्यात होती, तीही तिने शेजारी ठेवून बघितली. मग दोन्ही काचा तिच्याप्रमाणे सुलट बसवल्या. कड्यासाठी आधी जुन्या पोस्टकार्डाची वर्तुळं कापली. एक घालायची, लेन्समधून दुधी काचेवर पडलेली समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी बघायची, मग आणखी एक घालायची. पाटीवरची अक्षरं सगळ्यांत रेखीव झाली तेव्हा तेवढ्या जाडीचं कडं पितळी नळीतून कापलं आणि एका सपाट काचेवर पॉलिशकागद पसरून त्यावर घासत घासत बरोबर केलं. शक्तिदा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

अनाथबंधू लेन्स घेऊन गेले आणि आठवड्याच्या आत परत आले. सोबत फोटो. टेबलावर आपटलेच.

"बौदी, हे काय केलंत?"

मीही रस्ता ओलांडून गेलो. फोटो झकास होता. मुलीच्या कानातल्या कुड्यांची नक्षी, मागच्या काळ्या कापडाची प्रत्येक चुणी, सगळं कापून काढल्यासारखं.

"याहून चांगला फोटो येणार नाही या लेन्समधून," बौदी म्हणाली.

"चांगला असेल. पण आमचा नाही! मुलीची आई म्हणाली, असा फोटो तर कुठेही मिळतो, साहांकडे कशाला यायचं? हा बघा आमचा फोटो." त्यांनी पिशवीतून वडिलांनी काढलेला जुना फोटो काढला.

बौदीने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "साहाबाबू, दोन दिवस ठेवून जा."

ते गेल्यावर तिने मागची एक काच पालथी करून पाहिली. दुधी काचेवर पाटीची मधली अक्षरं जरा मऊ पण वाचता येणारी, आणि कडेची सगळी गोल फिरत विरघळलेली. हुबेहूब जुन्या फोटोसारखी. म्हणजे घड्याळवाल्याच्या कितीतरी आधी, वडिलांच्या काळातच ही काच उलटी बसली होती.

"कुणाचं हे काम?" ती स्वतःशीच म्हणाली.

स्टुलावरून आवाज आला, "माझं."

तिने वळून पाहिलं. शक्तिदांचे हात मांडीवर थरथरत होते. त्यांनी एक हात दुसऱ्याने दाबून धरला.

"लग्नानंतरच्याच वर्षी. साहांचे वडील साफ करायला घेऊन आले होते. मी घाईत होतो. पुढे त्या डब्यातली मोडकी लेन्स हाती आली, तिच्यातली काच बघितली, तेव्हा कळलं की त्यांची काच मी पालथी घातली. कळवणारच होतो. तेवढ्यात म्हातारा मिठाई घेऊन आला. सरपुरिया. म्हणाला, शक्तिपद, काय जादू केलीस, असे फोटो जन्मात आले नव्हते."

"आणि तुम्ही मिठाई खाल्लीत."

"तूही खाल्लीस."

मी हसलो, पण बौदी हसली नाही. "धुळीच्या कणावरून माझा उद्धार केलात. श्वासावरून केलात. आणि स्वतः अख्खी काच उलटी घालून गप्प बसलात होय!" तिने टेबल आवरलं आणि निघाली. शक्तिदांना त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत मी सोडलं. त्यानंतर ती त्यांच्याशी धड बोलेनाच. डबा उघडून समोर सरकवायची, बस्स.

अनाथबंधू परत आले तेव्हा बौदीचा पेच मला कळत होता. काच मुकाट्याने उलटी घालून दिली असती तर प्रश्न मिटला असता. पण का उलटी, हे सांगायचं तर नवऱ्याचं नाव जाणार. ती शक्तिदांकडे न बघता नुसती म्हणाली, "साहाबाबू, या लेन्सबद्दल एक गोष्ट आहे..." आणि थांबली.

"मी सांगतो," शक्तिदा म्हणाले. उठून उभे राहिले. उभं राहिलं की थरथर वाढायची, तरी राहिले. "तुमच्या वडिलांना मी काच चुकीची बसवून दिली होती. जादू वगैरे काही नव्हती. चूक होती. माफ करा."

अनाथबंधूंचा चेहरा उतरला. रागाने नव्हे. मला वाटतं, त्यांना वडील आठवले असावेत. "म्हणजे बाबांचं नाव झालं ते..." एवढंच म्हणून ते लेन्स टेबलावर तशीच सोडून निघून गेले.

आम्हाला वाटलं, आता येत नाहीत. पण कार्तिकातली जगद्धात्री पूजा झाल्यावर आले. या वेळी एक जाड अल्बम बगलेत. स्वतःच खुर्ची ओढून बसले.

"हे बघा, शक्तिदा. हे तुमच्याकडे यायच्या आधीचे फोटो. माणूस कुठेही बसवलेला, मागे वेलबुट्टी रंगवलेला पडदा. आणि हे नंतरचे. सुरुवातीचे दोन-चार फसलेत. मग बघा. माणूस नेमका मधोमध. पडदा काढून काळं कापड लावलं. खिडकी एकाच बाजूची उघडी. बाबांनी चूक ओळखली नसेल, पण काच कुठे साथ देते आणि कुठे देत नाही ते ओळखलं. मी आपला नुसता ते करायचे तसं करत आलो." ते बौदीकडे वळले. "मला ती उलटीच हवी. आता माहीत असून हवी."

"उलटी घातली तर हे कडं चालणार नाही," बौदी म्हणाली. "वेगळ्या जाडीचं लागेल. नाहीतर चेहराही मऊच येईल."

"मग तसं करा."

शक्तिदा स्टुलावरून पुटपुटले, "माझ्या वेळी जुनंच कडं होतं. जाडी बघायची मला सुचलंच नाही."

"ते दिसतंच आहे," बौदी म्हणाली. कित्येक दिवसांनंतरचं ते तिचं त्यांच्याशी पहिलं धड वाक्य. शक्तिदा चक्क हसले.

तिने पुन्हा पोस्टकार्डं कापली. या वेळी पाटीऐवजी मला समोर उभं केलं, कारण चेहराच बघायचा होता. उन्हात उभं राहून माझी मान आखडली. "भावजी, हलू नका, तुमच्या नाकावरच सगळं अवलंबून आहे," ती म्हणाली आणि आजूबाजूचे दुकानदार खिदळले. कडं झालं. सरळ मांडणीचं पहिलं कडंही तिने पुडीत बांधून साहांना दिलं. पुढे कुणाला हवं झालं तर असावं, म्हणून.

त्यानंतर बौदीने एक रिवाज पाडला. जुनी लेन्स घेऊन कुणी आलं की आधी विचारायची, "हिने काढलेला जुना फोटो आहे का? घेऊन या, मग उघडते." काही जण कुरकुरत, काही जण आणत. शक्तिदा आणखी काही वर्षं स्टुलावर बसले. टोमणे कमी झाले नाहीत, पण एखादं काम अडलं की ते आता म्हणायचे, "मला वाटतं असं असावं, तू बघ." ते गेल्यावरही ती येत राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा हत्यारं दोन गल्ल्या पलीकडच्या एका होतकरू बाईला देऊन टाकली आणि आसनसोलला मुलीकडे राहायला गेली. जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं विकतात.