गाडीतून फाटक कसं दिसतं

लंकाबाई पगारेंनी जितक्या रेल्वेगाड्या जवळून पाहिल्या, तितक्या आमच्या भागात दुसऱ्या कुणी पाहिल्या नसतील. आणि गाडीत बसण्याचे प्रसंग मोजायचे तर त्यांना एका हाताची बोटंही जास्त झाली असती. खेरवाडी स्टेशन सोडलं की नाशिकच्या अंगाला शेतरस्त्यावर एक फाटक होतं. त्या फाटकावर बाईंनी सव्वीस वर्षं काढली. नवरा रेल्वेत गँगमन होता, लाइनवर काम करतानाच गेला, आणि त्याच्या जागी यांना नोकरी लागली. कागदावर हुद्दा 'गेटमन' असाच राहिला आणि त्यांनीही तो कधी बदलून मागितला नाही.

काम बघणाऱ्याला सोपं वाटायचं. खोलीतला फोन वाजला की स्टेशन मास्तर गाडी सुटल्याचं सांगायचा. मग हँडल फिरवून फाटक पाडायचं, कुलूप घालायचं आणि हिरवा झेंडा घेऊन ठरलेल्या जागी उभं राहायचं. गाडी जाईपर्यंत डोळे चाकांवर. कुठे धूर निघतोय का, कुठे काही लोंबकळतंय का, एखादं चाक तापून लाल झालंय का. सगळ्यात शेवटी गार्डाला झेंडा दाखवायचा, त्याने तिकडून आपला दाखवायचा, की ती गाडी तुमच्या डोक्यावरून उतरली. तोवर पलीकडे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारून जीव खात असायचे. बाई त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

स्वभाव मुळात चौकस. मालगाडीच्या बंद डब्यात काय असेल, इंजिनातल्या माणसाला तहान लागली तर तो काय करतो, रात्रीची गाडी सकाळी कुठे पोचते, असले प्रश्न त्या कुणालाही विचारायच्या. पण एक प्रश्न सगळ्यांत जुना होता. गाडीतून आपलं फाटक कसं दिसत असेल? नाशिकला जायचं तर ड्यूटीच्या वेळा सांभाळून त्या एसटीनेच जायच्या. दोनदा काय ते रेल्वेने गेल्या, आणि दोन्ही वेळेस उभं राहायला जागा मिळाली ती संडासाच्या दाराशी.

बरं, घरात विचारायला माणूस नव्हतं असं नाही. लेक मोहिनी तीन वर्षं सकाळच्या पॅसेंजरने नाशिकला कॉलेजात जायची. म्हणजे रोज आईच्या फाटकावरून. त्या गाडीला बाई झेंडा जरा जास्तच ताठ धरायच्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारायच्या, "दिसलं का गं आज फाटक?"

"डोळा लागला होता, आई."

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या बाजूला बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी म्हणायची, गाडी इतकी जोरात जाते की काही कळतच नाही. शेवटी बाईंनी विचारणं सोडलं. गाडीतून फाटक दिसतच नसावं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तरी शंकेची पाल आत कुठेतरी चुकचुकत राहिली.

पुढे मोहिनीचं लग्न झालं. ती इंदिरानगरला राहायला गेली, तिथल्याच एका शाळेत शिकवू लागली. बाई निवृत्त झाल्या. फाटक बंद झालं, खालून भुयारी रस्ता निघाला, खोली पाडली. बाईंनी लावलेला कडुनिंब तेवढा राहिला.

आणि मागच्या डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी मोहिनीचा फोन आला. तिच्या शाळेच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. हनीफ शेख नावाचे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी पंधरा वर्षं खपून मनमाडपासून कसाऱ्यापर्यंतची सगळी लाइन टेबलावर उभी केली होती. स्टेशनं, पूल, घाट, बोगदे, सगळं. मोहिनी शाळेच्या कामासाठी तिथे गेली आणि बघते तो काय.

"आई, तुझं फाटक केलंय त्यांनी. खोली आहे, कडुनिंब आहे. उद्या संध्याकाळी पाचला बंद होणार. सकाळी मी तुला न्यायला येते."

"तू नको येऊ. मी पॅसेंजरनं येते."

"अगं, एकच गाडी थांबते आता सकाळची. ती गेली तर पुढची संध्याकाळी."

"तीच धरते ना. खिडकीतून जागा तरी बघून घेते एकदा. एवढे दिवस लय गाड्या बघितल्या बाहेरून."

मोहिनीने आणखी एकदा न्यायला येते म्हणून पाहिलं. मग बरं म्हणाली.

रविवारी बाई गाडीच्या अर्धा तास आधी खेरवाडीच्या फलाटावर हजर. अंगावर लेकीनेच घेतलेली हिरव्यागार पदराची साडी, पिशवीत मेथीची भाजी आणि बाजरीच्या भाकरी. तिकीट काढलं. नाशिककडे तोंड केल्यावर फाटक कोणत्या हाताला येतं ते दोनदा हवेत हात करून पडताळून पाहिलं. डावा हात. म्हणजे डाव्या खिडकीला बसायचं, कुणी आधी बसलं असेल तर हात जोडायचे.

गाडी आली. आणि इथे बाईंचं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं झालं नसतं. इंजिनाचं तोंड दिसताच त्या दोन पावलं मागे सरल्या. पाय जुळले, पाठ ताठ झाली, पिशवी डाव्या हातात गेली आणि नजर गेली चाकांवर. पहिला डबा ठीक. दुसरा ठीक. चौथ्या डब्याखाली काहीतरी लोंबकळत होतं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. गाडी थांबली तशा वाकून बघायला लागल्या. ती कुणाच्या तरी कांद्याच्या गोणीची सुतळी होती, दारातून खाली आलेली. जिवाला बरं वाटलं. तेवढ्यात गाडी हलली. शेवटच्या डब्यातल्या गार्डाने फलाटावर अशी ताठ उभी राहिलेली बाई पाहिली आणि सवयीने हिरवा झेंडा दाखवला. बाईंनीही उजवा हात आडवा करून 'ऑल राइट'ची, म्हणजे गाडी ठीक असल्याची, खूण दिली.

गाडी गेली.

फलाट झाडणारी निकिता झाडू टेकून बघत होती. "मावशी, तुम्हाला जायचं नव्हतं का?"

बाईंना आधी हसू आलं, पोट धरून आलं. मग बाकड्यावर टेकल्या आणि त्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बिनघोर काढून दिल्या आणि आपली एक गाडी धरता आली नाही. आता खिडकीतून बघणं संपलंच. निदान टेबलावरचं फाटक तरी हातचं जायला नको, म्हणून त्या उठल्या आणि पिशवी घेऊन रस्त्याला लागल्या.

तास-दीड तास वाहन मिळेना. मग सायखेड्याचा उमर त्याची पिकअप घेऊन आला. कोथिंबीर भरून नाशिकच्या बाजारात चालला होता. त्याने ब्रेक मारला.

"मावशी, तुम्ही अन् पायी?"

"गाडी गेली रं माझी."

"उशीर झाला?"

"नाय, वेळेत होते. तिला काढून दिलं अन् मीच राहिले."

उमरला ते समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर हसण्यात गाडी रस्त्याच्या कडेला जाता जाता राहिली. "निम्मी जवानी तुमच्या फाटकावर उभं राहण्यात गेली माझी," तो म्हणाला. "किती हॉर्न मारले, कधी उघडलं नाही."

"उघडलं असतं तर आज हसायला राहिला नसता. ते जाऊ दे. तू कधी रेल्वेनं गेलाय का इकडून? आतून दिसायचं का फाटक?"

"मी ड्रायव्हर माणूस, मी कशाला रेल्वेत बसतो?"

त्याला वाटेत आणखी दोन मळ्यांतून माल उचलायचा होता. एकीकडे जुड्या बांधून तयार नव्हत्या, दुसरीकडे मालकच नव्हता. मोहिनीचे फोनवर फोन. नाशिकच्या द्वारका चौकात बाई उतरल्या तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिथून रिक्षा करून त्या शाळेच्या हॉलपाशी पोचल्या तेव्हा सव्वाचार. मोहिनी शाळेच्या फाटकातच उभी होती. तिने पिशवी घेतली आणि लगेच आईला आत नेलं.

हॉलमध्ये तिन्ही भिंतींना लागून टेबलं मांडलेली होती आणि त्यांवर सगळा मुलूख. वीत-वीतभर डबे, बोटाएवढे सिग्नल, प्लॅस्टरचा घाट, त्यात बोगदे. बाई आल्या आल्या टेबलाखाली वाकल्या. वायरी कुठून कुठे गेल्यात ते बघून घेतलं. मग हनीफभाईंना धरलं. वीज रुळातून येते तर हात लावल्यावर शॉक का बसत नाही? इंजिन कशाचं केलं? घाट चढताना मागून दुसरं इंजिन लावलंय, ते बरोबर, पण मग इगतपुरीला ते काढतं कोण? दोन दिवस "अंकल, गाडी जोरात पळवा ना" एवढंच ऐकलेल्या हनीफभाईंचा चेहरा खुलला. सत्तरीचा माणूस, एका डोळ्याभोवती अजून घड्याळजीचं भिंग लावल्याची खूण.

आणि मग ते फाटक आलं. काड्यापेटीच्या काड्यांचे तांबडे-पांढरे दांडे, कौलांची खोली, भांडी घासायच्या काथ्याला हिरवा रंग देऊन केलेला कडुनिंब. बाईंचा हात तोंडावर गेला.

"खिडकी चुकली भाऊ," वाकून बघत त्या म्हणाल्या. "खिडकी मागच्या अंगाला व्हती."

"असेल," हनीफभाई म्हणाले. "मी चौदा वर्षं मनमाडहून रोज नाशिकला यायचो कामाला. गाडीतून जेवढं दिसलं तेवढंच बनवलं. मागची बाजू कशी दिसणार?"

"गाडीतून दिसायचं?"

"दिसायचं म्हणजे? मस्त दिसायचं. तिथे वळण आहे ना, गाडी जरा हळू व्हायची. एक बाई असायची झेंडा घेऊन. तिला पण बसवायचं होतं, लेकिन झेंडेवाली बाई बाजारात मिळत नाही. थांबा, तुम्हाला दाखवतो."

त्यांनी इंजिनाच्या पुढच्या खिडकीत मसुराच्या डाळीएवढा कॅमेरा बसवला होता. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. इंजिनाला जे दिसेल ते त्याच्यावर. हनीफभाईंनी बटण फिरवलं. पडद्यावर रूळ पळायला लागले. खेरवाडीचा फलाट गेला. वळण आलं. लांबून आधी कडुनिंब दिसला, मग खोलीचं कौल, मग पडलेलं फाटक, आणि ते मोठं मोठं होत अंगावर आलं. बाई मनात आकडे मोजत होत्या, सवयच ती. सात आकडे झाले तेव्हा कुठे फाटक मागे गेलं.

सात आकड्यांत माणूस ओळखू येतो. चेहरासुद्धा दिसतो. बाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

मोहिनी जमिनीकडे बघत होती. "मैत्रिणी असायच्या बरोबर," ती म्हणाली. "त्या म्हणायच्या, ती बघ झेंडेवाली. मी सांगितलंच नव्हतं त्यांना. वळण आलं की मी खिडकी खाली ओढून घ्यायचे, आई. रोज."

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. लागलं त्यांना. तीन वर्षं ताठ धरलेला झेंडा त्यांना एकदम जड वाटला असणार. हनीफभाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते घड्याळ बघून म्हणाले, "ही शेवटची फेरी. मग बंद."

"भाऊ, जरा थांबा," बाई म्हणाल्या. त्या टेबलापाशी गेल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी टेबलाच्या कडेला धरून त्या खाली टेकल्या, इतक्या की त्यांचं तोंड बरोबर फाटकाच्या खोलीशेजारी आलं. पदराचं हिरवं टोक उजव्या हातात घट्ट धरलं आणि हात आडवा केला. पडदा त्यांच्या पाठीमागे राहिला.

"मोहिनी," त्या मागे न बघता म्हणाल्या, "आता बघ."

हनीफभाई एकदा त्या हाताकडे आणि एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी अगदी सावकाश बटण फिरवलं. गाडी निघाली, फलाट सोडून वळणावर आली. बाईंची नजर खाली गेली, इंजिनाच्या चाकांवर. पहिला डबा, दुसरा, तिसरा. एकेका डब्यासरशी डोळे सरकत होते. शेवटचा डबा पुढून गेला तेव्हा त्यात गार्ड नव्हता, तरी त्यांनी मान हलवली आणि मगच हात खाली घेतला.

"दिसले का गं?"

"दिसलीस." मोहिनी म्हणाली. ती आईला उठवायला येऊन तिथेच खाली बसली. "सगळा पडदाभर तूच होतीस. पण तू वर बघितलंच नाहीस, आई. एकदासुद्धा नाही. तेव्हाही अशीच उभी राहायचीस का?"

"अशीच. चाकांकडं बघत राहायचे," लंकाबाई म्हणाल्या. "तू गाडीत असायची ना."