लोखंड मिस्त्रीचं, रेक्झिन माझं

गॅरेजात दोन गोष्टी न मागता साठतात. भंगार आणि किस्से. भंगार न्यायला माणूस येतो, तराजू घेऊन येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. मग ते डोक्यात पडून राहतात आणि चार माणसं समोर बसली की आपोआप खडखडायला लागतात.

माझ्याकडचे निम्मे किस्से एका जपानी कंपनीच्या गाड्यांचे. कंपनीचं खरं नाव आमच्याकडे कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. गाडी जुनी असो की नवी कोरी, आमच्या गॅरेजात तिचं नाव एकच, जपानी!

आधी माणसं सांगते. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या त्या गॅरेजचे मालक हरिभाऊ शेठ. गुलाबराव मिस्त्री म्हणजे इंजिनाचा डॉक्टर, असं तो स्वतःच म्हणायचा. आणि कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर मी, लीलाबाई. गाड्यांच्या सीटा शिवायची. नवरा होता तोवर तो शिवायचा. तो गेल्यावर मी जाऊन मशीनवर बसले तर शेठ म्हणाले, "बाईमाणूस? गॅरेजात?"

मी म्हणलं, "मशीनले विचारा, तिले चालते का!"

मशीनला चाललं. मिस्त्रीला नाही चाललं. त्यानं पहिल्याच दिवशी खडू घेतला आणि फरशीवर रेघ ओढली. "हे पाह्य लीलाबाई. लोखंड माझं, रेक्झिन तुझं. पान्याले हात लावायचा नाही."

"आन् तू माझ्या सुईले हात लावला तं बोट शिवून टाकीन!"

खडू चार दिवसांत पुसला गेला. रेघ सोळा वर्षं राहिली.

* * *

पहिली जपानी माझ्या येण्याआधीची. खाप्याला मँगनीजचे एक ठेकेदार होते. त्यांनी साठ सालाच्या पुढेमागे कुठून तरी ती गाडी मिळवली. लांब नाक, पुढची सीट बाकासारखी सलग, एकच. तेव्हा जपानी माल म्हणजे आज आणा, उद्या फेका, असं लोक म्हणत. म्हणून ठेकेदारानं आणल्याबरोबर गाडी आमच्याकडे लावली. "मिस्त्री, सगळी पाहून घ्या."

आता पाहून घ्या म्हणजे बाहेरून पाहा. पण गुलाबरावचं पाहणं म्हणजे खोलणं! त्यानं आठ दिवसांत पूर्ण गाडी सुटी केली, तरटावर मांडली, परत जोडली. गाडी एका चावीत सुरू झाली. आणि तरटावर चार बोल्ट उरले.

ठेकेदाराचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हे कुठचे?"

गुलाबराव म्हणाला, "गाडी चालते ना?"

"चालते."

"मंग! जपान्यांनी जास्तीचे लावले होते!"

गाडी खाप्याला गेली आणि वर्षानुवर्षं पळत राहिली. कधी गिअर अडला नाही, कधी ब्रेकनं धोका दिला नाही. गुलाबरावचं नाव झालं. जपान्यांपेक्षा चार बोल्ट कमी लावून गाडी चालवणारा माणूस! ते बोल्ट त्यानं बिस्किटाच्या डब्यात घालून देवाच्या फळीवर ठेवले. दसऱ्याला अवजारांची पूजा व्हायची तेव्हा झेंडूचं पहिलं फूल पान्याला नाही, त्या डब्याला. मी स्वतः सोळा वेळा त्याला हळदकुंकू वाहिलं आहे. तेव्हा कळलं असतं तर फूल कुठं खोचलं असतं, ते लिहीत नाही.

* * *

गाडीनं त्रास दिला नाही म्हणाले, पण सीटनं दिला. माझ्या माथ्यावर!

ठेकेदारीणबाई दर दोन वर्षांनी यायच्या, पदर सावरत, रागानं लाल. "काय वं लीलाबाई, काय भरून राहिली तू गादीत? घोडं हाय का थे? खड्डा आला की डावीकडून उचलून फेकते मले!"

मी काथ्या बदलायची. स्प्रिंगा बदलायची. वरची गादी नवी करून द्यायची. खालची लोखंडी चौकट मिस्त्रीच्या हद्दीत, चौकटीच्या पायांवरून अंथरलेलं रबरही लोखंडातच धरलेलं, ते त्यानं स्वतः डिंक लावून चिकटवलं होतं. तिकडे मी डोळाही फिरवत नसे. नियम म्हणजे नियम.

एकदा बाई आल्या त्या हसू दाबतच आल्या. म्हणाल्या, "खाप्याहून निघाली तवा खिडकीपाशी होती. कळमेश्वर येईस्तोवर मालकाच्या खांद्यावर! वं, लग्नात बी एवढी खेटून बसली नव्हती मी!"

मी म्हणलं, "मंग तक्रार कोणाची आहे? त्याईची का तुमची?"

बाई हसल्या. शेठ नाही हसले. त्यांना माझा कोपरा गाड्या धुवायच्या रॅम्पसाठी हवा होता आणि ते निमित्तच शोधत होते. तेव्हापासून गॅरेजात कोणाचंही काही हललं, ढिलं झालं, की शेठ म्हणत, "लीलाबाईनं शिवलं असंन!"

* * *

पुढे नवीन छोटी जपानी आपल्याकडेच बनायला लागली. आमच्या गिऱ्हाइकांत पहिली आणली ढोके वकिलांनी. गल्ली गोळा झाली. एक म्हणे पत्र्याचा डबा, एक म्हणे साबणदाणी.

गुलाबरावची इंजिन तपासायची रीत ठरलेली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे बंद. सगळ्यांनी श्वास रोखायचा. त्यानं ऐकलं. परत ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाला, "वकीलसाहेब, आधी सुरू तं करा!"

वकील म्हणाले, "मिस्त्री, मघापासून सुरूच आहे!"

गुलाबरावनं दुपारी डबा खाल्ला नाही.

* * *

त्याच गाडीतून वकील बेसा गावाकडे एका पक्षकाराचं वावर पाहायला गेले. काळी माती, आदल्या दिवशीचा पाऊस. चारही चाकं रुतली. वावरातले चार जण आले, चार कोपरे धरले आणि गाडी उचलून बांधावर ठेवली! त्यातला म्हातारा हात झटकत म्हणाला, "आमची बैलबंडी रुतली असती तं आठ लागले असते. गाडी चांगली हाय साहेब. पोरीसारखी उचलता येते!"

वकिलांनी हा किस्सा कोर्टात सगळ्यांना सांगितला आणि महिन्याभरात कोर्टापुढे त्या साबणदाण्यांची रांग लागली.

आमच्याकडे मात्र एकही आली नाही. बिघडेल तर येईल ना! वर्षभरानं गुलाबरावला वकील रस्त्यात दिसले. तो सायकल आडवी घालून उभा राहिला. "वकीलसाहेब, खरं सांगा. माझ्यावर काही राग आहे का?"

* * *

दुसऱ्या वर्षी वकिलांनी त्याच कंपनीची व्हॅन घेतली. ती एकदाची आली गॅरेजात! नुसती कसलीशी खरखर, पण गुलाबराव असा पुढे धावला जसा काही जावईच आला.

पुढे पाहिलं तर बोनेटच नाही. सपाट तोंड. मागे गेला, दार उघडलं, तर मोकळी जागा आणि वकिलांची छत्री. खाली निजून पाहिलं. उठला, धूळ झटकली आणि शांतपणे विचारलं, "साहेब, इंजिन घरी ठेवून आले का?"

वकील म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या सीटच्या खाली आहे."

गुलाबरावनं माझ्याकडे पाहिलं. मी दोरा तोडला. "सीटच्या खाली म्हणजे कोणाच्या हद्दीत गा, मिस्त्री?"

"इंजिन लोखंड आहे!"

"पण झाकण माझं आहे!"

शेठनी शेवटी निवाडा केला. सीट उचलायची लीलाबाईनं, इंजिन पाहायचं मिस्त्रीनं, सीट ठेवायची लीलाबाईनं. मी मुद्दाम आधी चहा संपवला. मग सीट उचलली. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस मला म्हणाला, "जरा सरकता का, लीलाबाई?"

सरकता का! आदरानं!

* * *

आता शेवटचा.

ठेकेदारांच्या पोरीचं लग्न ठरलं, मे महिन्यातलं. ठेकेदार हौशी. नवरदेव मिरवणार तो जुन्या जपानीतच! गाडी रंगवायला आली. शेठ माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. "लीलाबाई, हळदीच्या आधी सीट हलायची बंद झाली पाहिजे. नाही झाली तं मशीन घरी न्या. मी रॅम्प बांधून राहिलो."

शिलाईवर पोट होतं माझं, दुसरं काही नव्हतं. मी काथ्या दुप्पट दाबून भरला. स्प्रिंगा सगळ्या नव्या. टाका असा घातला की रेक्झिन ढोलकीसारखं वाजे. बसून पाहिलं. डावीकडून हललं! उसवलं. परत शिवलं. हललं! हळदीला एक दिवस राहिला आणि शेठनी रॅम्पच्या विटा आणून माझ्या कोपऱ्यापुढे रचल्या. मी त्या विटांवर बसून तिसऱ्यांदा उसवत होते.

त्याच दिवशी भर दुपारी ढोके वकील एका जपानी साहेबाला घेऊन आले. कंपनीचाच माणूस. त्यांच्या गाड्या नागपूरचा उन्हाळा कशा सोसतात ते पाहायला आला होता. बिचारा टोपीखाली टमाट्यासारखा झाला होता. वकिलांनी त्याला सांगितलं होतं की तुमची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी इथे अजून पळते.

साहेब वाकला. गुलाबराव वाकला. साहेब परत वाकला. गुलाबरावही परत वाकला. शेठ म्हणाले, "मिस्त्री, आता थांब. नाही तं साहेबाचं विमान जाईन!"

साहेबानं जुन्या गाडीला हात लावला तो असा, जसं काही माहेरचं माणूस भेटलं. बोनेटवर एक यंत्र ठेवून ताप मोजला. गुलाबराव म्हणाला, "यंत्र काहून? पापड ठेवा, लगेच समजते!"

मग वकिलांना आठवण झाली. त्यांनी इंग्रजीत चार बोल्टांची सगळी कथा सांगितली. गुलाबरावची छाती फुगली. त्यानं देवाच्या फळीवरून डबा काढला, दोन्ही हातांनी साहेबापुढे धरला. "सांगा त्याईले, हे घेऊन जा. पुढच्या गाडीत लावू नका म्हणा. खर्च वाचते!"

वकिलांनी सांगितलं. साहेब हसला नाही. त्यानं एक बोल्ट उचलला. रुमालानं कुंकू पुसलं. आटे पाहिले, लांबी पाहिली. मग गाडीपाशी गेला, डावं दार उघडलं आणि माझी सीट धरून हलवली. सीट हलली. माझा जीव गेला. आता हाही म्हणेल, लीलाबाईनं शिवलं!

तो मात्र खाली वाकला. गुडघ्यावर बसला, मिस्त्रीनं चिकटवलेलं रबर नखानं उचकटलं आणि सीटच्या लोखंडी पायांशी बोट फिरवलं. एक भोक. दुसरं. तिसरं. चौथं. चारही रिकामी.

त्यानं हातातला बोल्ट पहिल्या भोकावर ठेवला. कुलपात किल्ली बसावी तसा बोल्ट आत बसला.

ठेकेदारीणबाई हळदीचं आमंत्रण द्यायला आल्या होत्या, त्यांच्या हातातल्या अक्षता खाली सांडल्या. शेठनी एकदा भोकांकडे पाहिलं, एकदा विटांकडे.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "हे बोल्ट सीटचे होते?"

गुलाबरावची पापणीही हलली नाही. "मंग? सीट कोणाच्या हद्दीत येते? मी काहून हात लावू?"

सगळे वळून माझ्याकडे पाहायला लागले. जपानी साहेबसुद्धा. मी विटांवरून उठले. सुई पदराला खोचली. जिथे कधी काळी खडूची रेघ होती तिथून पाय पलीकडे टाकला आणि गुलाबरावपुढे हात पसरला.

"आण इकडं मंग. पाना!"