शनिवारचं बसणं

आम्ही नवरा-बायको अमरावतीत एकाच विद्यापीठात नोकरीला. हे परीक्षा विभागात, मी लेखा विभागात. दिवसभर खुर्ची सोडायची नाही आणि राजापेठेतल्या घरी आलं की सोफा सोडायचा नाही, यात आमचा हात कुणी धरणार नाही.

शनिवारी सुट्टी. त्या दिवसावर यांचा भारी जीव. "मामाकडे बसाले चाललो," म्हणत अकोल्याची गाडी धरायचे, ते रविवारी दुपारी उगवायचे. जठारपेठेतल्या एकट्या, म्हाताऱ्या मामांची एवढी काळजी करणारा भाचा बघून मला भरून यायचं. मामांसाठी म्हणून मी चिवड्याचा मोठा डबा द्यायची. डबा पुसल्यासारखा रिकामा परत यायचा. मामांच्या तोंडात एक दात शिल्लक नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

या उन्हाळ्यात विद्यापीठाने पुण्याहून एक डॉक्टरबाई बोलावल्या. कर्मचारी फार बसतात आणि त्याचा कामावर परिणाम होतो, यावर त्या बोलणार होत्या. भाषण ठेवलं जेवणानंतर, तेही कूलरच्या गारव्यात. निम्मा हॉल पेंगत होता. हे तर पहिल्याच रांगेत, पोटावर हात ठेवून. बाईंनी नेमका यांच्याच हाती माईक दिला आणि विचारलं, "ऑफिस सुटल्यावर तुम्ही साधारण किती बसता?"

पुरुषमाणसांत बसणं कशाला म्हणतात, ते मी सांगायला नको. झोपेतून उठलेल्या माणसाला तोच अर्थ आधी सुचला. हे ताडकन उभे राहिले.

"रोज नाई बसत मॅडम. फक्त शनिवारी, थे बी अकोल्याले, मामाच्या गच्चीवर. दोन-तीन दोस्त असतात."

बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी विचारलं, मग कामावर परिणाम जाणवतो का?

"काईच नाई. सोमवारपर्यंत सारं उतरते."

सगळा हॉल जागा झाला आणि पोट धरून हसू लागला. मी मागच्या रांगेत होते. पिण्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग याचा आला, की हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोललाच नव्हता. बसायलाच तर जात होता. आणि मी दर शनिवारी रिकाम्या घरात, मोबाइलवर मालिका लावून सोफ्यावर पडायची, कुणाचा तरी आवाज हवा म्हणून.

हसू थांबेना, तेव्हा बाईंनी घाईघाईने माईक मागे धाडला. तो नेमका माझ्यापाशी आला.

"आणि मॅडम, तुम्ही?"

"मी बी शनिवारीच बसते," मी म्हटलं. "पण एकटीच."

हॉल पुन्हा हसला. हे हसले नाहीत. मान वळवून माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या शनिवारी यांनी मामांना फोन करून जमत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन माझ्याशेजारी सोफ्यावर येऊन बसले, आणि मालिकेतली सासू कोणती, सून कोणती, ते विचारत राहिले. डॉक्टरबाईंना कुणी कळवू नये, पण आमच्या घरातलं बसणं वाढलंय.